डॉ. भाभा आणि उपकरणांचे स्वावलंबन

डॉ. होमी भाभा यांचे नाव निघाले की अणुबाँब आणि अणुवीज या दोन गोष्टी ओघानेच निघतात. पहिलीबद्दल अभिमान आणि दुसरीबद्दल वाद, अशा दोन पारड्यांत त्यांचे सारे जीवितकार्य तोलले जाते. तिसरी एक गोष्ट मात्र या तोलण्यातून कायमची निसटली आहे, आणि गंमत अशी की तिच्याशी सामान्य शिक्षकाचा आणि कारकुनाचा संबंध पहिल्या दोहोंपेक्षा अधिक जवळचा आहे. निवडणुकीच्या कामावर नेमणूक झालेल्या शिक्षकाच्या हाती जे मतदानयंत्र येते, ते बनविणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी एक म्हणजे हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली खरी. पण तिचा गर्भ वाढला तो मुंबईच्या उपनगरात, तुर्भे म्हणजेच ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक विभागात. मूलकणांचे स्पंद मोजण्यासाठी आणि अणुभट्टीवर नजर ठेवण्यासाठी लागणारी उपकरणे तेथे तयार होत असत. ती बाहेरून विकत न घेता येथेच बनवावयाची, हा हट्ट भाभांचा होता.

तो हट्ट त्यांच्या ठायी कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका संपन्न पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी, वडील बॅरिस्टर आणि आत्याबाई सर दोराबजी टाटांच्या पत्नी. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा शिक्षणाचा क्रम झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी. मुलाने परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठी जागा भूषवावी, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन गणितात आणि भौतिकीत गुंतले होते. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवलास तर पुढे गणित शिकू देऊ, अशी अट वडिलांनी घातली आणि १९३० साली भाभांनी ती पुरी केली. चरित्रकार या प्रसंगाकडे प्रतिभेची अभियांत्रिकीच्या तुरुंगातून झालेली सुटका म्हणून पाहतात. वास्तविक त्या तीन वर्षांनी त्यांना जे दिले ते पुढे जन्मभर उपयोगी पडले. समीकरणे मांडणारे विद्वान आपल्याकडे पूर्वीही होते. यंत्राचा आराखडा वाचता येणारे त्यांत फार थोडे होते.

सैद्धांतिक भौतिकीतील भाभांची कामगिरी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील विखुरणीला आजही त्यांचे नाव आहे. १९३७ साली हाइट्लर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. अवकाशातून आलेला एक ऊर्जावान कण वातावरणात शिरला की त्यातून दोन, दोहोंतून चार असे कण कसे निर्माण होत जातात, त्याचा हिशेब त्यांनी दिला. वयाच्या तिशीच्या आत त्यांचे नाव युरोपात मान्य झाले होते आणि १९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले नसते, किंवा आल्यावर महायुद्ध सुरू झाले नसते, तर कदाचित ते तिकडचेच होऊन राहिले असते.

युद्धामुळे परतीची वाट बंद झाली आणि ते बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात, रुजू झाले. येथपासून या चरित्रात उपकरणांचा प्रवेश होतो. विश्वकिरणांचा अभ्यास करावयाचा तर गायगर नळी हवी. ही नळी म्हणजे विरळ वायू भरलेली बंद नळी. तिच्या मध्यातून एक बारीक तार गेलेली असते आणि तारेला मोठा विद्युत्‌दाब दिलेला असतो. एखादा विद्युत्‌भारित कण नळीतून गेला की वायूचे काही अणू फुटतात, त्या फुटीची क्षणार्धात लाट होते आणि तारेवर विजेचा एक लहानसा स्पंद उमटतो. एवढ्यावर काम भागत नाही. एका नळीतील स्पंद कोणत्याही भलत्या कारणाने येऊ शकतो. म्हणून तीन-चार नळ्या एकाखाली एक मांडून, सर्वांमध्ये एकाच क्षणी स्पंद उमटला तरच त्याची नोंद करावयाची, अशी योजना करावी लागते. हा निवाडा करणारे निर्वात नळ्यांचे मंडल इटालियन शास्त्रज्ञ ब्रुनो रॉसी यांनी १९३० साली बनविले होते. नळ्यांची ही रास दुर्बिणीसारखी एका दिशेने पाहते. पण तिचे खरे डोळे म्हणजे ते मंडल होय. कण आला की नाही हे नळी सांगत नाही, मंडल सांगते.

युद्धकाळात अशी सामग्री परदेशातून मागविणे अशक्यप्राय होते. बंगलोरच्या गटाने ती स्वतः जुळविली. एस. व्ही. चंद्रशेखर अय्या यांच्यासारखे सहकारी भाभांच्या जोडीला होते. अमेरिकन हवाई दलाच्या विमानांतून ही गणकयंत्रे सुमारे तीस हजार फुटांपर्यंत नेण्यात आली आणि त्या मापनांवरील निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाले. सैद्धांतिक भौतिकीच्या या विद्वानाने विमानाच्या थरथराटातही न बिघडणारी यंत्रणा कशी बांधावी, यात मन घातले. केंब्रिजच्या यंत्र-अभियांत्रिकीची ही परतफेड होती.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. काही दशकांनी अणुशक्ती प्रत्यक्ष उपयोगात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमाला तेव्हा दीड वर्ष अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पहिल्या वर्षाची तरतूद ऐंशी हजार रुपयांची होती. त्यात न्यासाचे पंचेचाळीस हजार, मुंबई सरकारचे पंचवीस हजार आणि हिंदुस्थान सरकारचे दहा हजार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संस्था मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्याच्या काही भागात आली. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. पुढे गेटवेजवळची जुनी यॉट क्लबची इमारत आणि शेवटी १९६२ साली उद्घाटन झालेली कुलाब्याची वास्तू, असा संस्थेचा प्रवास झाला.

या प्रवासात भाभांनी एक धोरण सोडले नाही. प्रयोगासाठी लागणारे उपकरण शक्य तेथवर संस्थेतच बनवावयाचे. आणि ते बनविणाऱ्याला शास्त्रज्ञाच्या बरोबरीने नाही तरी त्याच्या निकट बसवावयाचे. इलेक्ट्रॉनिक विभागाची धुरा ए. एस. राव या तरुण अभियंत्याकडे सोपविण्यात आली. राव हे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून आलेले. डाख देणारा कारागीर, मंडलाचा आराखडा काढणारा अभियंता आणि मापनाचा अर्थ लावणारा भौतिकीतज्ज्ञ हे एकाच छपराखाली आले. ज्या समाजात हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्या पंगती शतकानुशतके वेगळ्या बसत आल्या, तेथे ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती.

३ जानेवारी १९५४ रोजी अणुशक्तीच्या संशोधनासाठी स्वतंत्र आस्थापना स्थापन करण्याचा निर्णय झाला आणि तिच्यासाठी ट्रॉम्बेची जागा निवडण्यात आली. समोर खाडी आणि पाठीशी डोंगर असलेला हा मुलूख तेव्हा मुंबईच्या टोकाला होता. त्याच सुमारास, त्याच किनाऱ्यावर, दोन परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. १९५४ साली अमेरिकन कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे दोन शेजारी एकत्र पाहावेत. एकीकडे परदेशी भांडवल, परदेशी आराखडे, परदेशी यंत्रे आणि त्यांवर देशी कामगार. दुसरीकडे सरकारी पैसा, देशी अभियंते आणि जे बनविता येईल ते येथेच बनविण्याची धडपड. तेलाचे कारखाने लगोलग उपयोगी पडले आणि देशाची निकड त्यांनी भागविली, यात शंका नाही. पण त्यांतून तेलशुद्धीकरणाचा कारखाना बांधू शकणारी पिढी त्या काळी तयार झाली नाही. यंत्र विकत घेताना ज्ञान त्याबरोबर येतेच, ही समजूत चुकीची आहे. ज्ञान येते ते यंत्र बिघडल्यावर ते कोण दुरुस्त करतो, त्याच्याकडे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पाण्याच्या तलावात बुडविलेली, एक मेगावॉट शक्तीची ही लहानशी भट्टी; सोव्हिएत संघाचा अपवाद वगळता आशियातील पहिली. इंधन ब्रिटनकडून आले होते आणि ही गोष्ट त्या वेळच्या टीकाकारांनी लपू दिली नाही. पण भट्टीची नियंत्रणयंत्रणा ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी स्वतः रचली होती आणि तिचे महत्त्व इंधनापेक्षा कमी नव्हते. अणुभट्टीच्या आत काय चालले आहे, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. भट्टी चालू होताना न्यूट्रॉन इतके थोडे असतात की ते एक एक मोजावे लागतात. पूर्ण शक्तीला पोहोचल्यावर त्यांची संख्या कोट्यवधी पटींनी वाढलेली असते. या दोन टोकांमधला सारा पल्ला मोजणारी, एका मापकाने सोडले की दुसऱ्याने धरणारी आणि वाढ हाताबाहेर जाते आहे असे दिसताच नियंत्रक दांडे क्षणात खाली सोडणारी मंडले हवीत. त्यांत चूक झाली तर तिची भरपाई क्षमापत्राने होत नाही. असे काम नवशिक्या अभियंत्यांवर सोपविणे हा धोका होता. भाभांनी तो पत्करला.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७-५८ च्या सुमारास, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. अनेक प्रयोगशाळांचे काम परवान्याची वाट पाहत थांबले. ट्रॉम्बे आणि कुलाबा यांचे काम चालू राहिले, याचे श्रेय अंशतः भाभांच्या पंतप्रधानांशी असलेल्या निकटच्या संबंधांना द्यावे लागेल, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु गणकयंत्रे, प्रवर्धक, विद्युत्‌पुरवठ्याचे संच ही नित्याची सामग्री घरीच बनत होती, हेही त्याचे एक कारण होते.

कुलाब्याच्या संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक म्हणजे या धोरणाचा गुण आणि दोष दोन्ही दाखविणारे उदाहरण. १९६० साली तो पूर्ण झाला. सुमारे सत्तावीसशे निर्वात नळ्या, सतराशे जर्मेनियम डायोड आणि साडेबारा हजार रोधक अशी त्याची रचना होती. तोवर पाश्चात्त्य देश ट्रान्झिस्टरकडे वळले होते, म्हणजे यंत्र पुरे होताच जुने झाले होते. चोख जमाखर्च मांडणारा हिशेबनीस म्हणेल की तेवढ्या पैशात नवे यंत्र विकत आणता आले असते. त्याचा हिशेब यंत्रापुरता बरोबर आहे. पण ते बांधताना जी माणसे तयार झाली त्यांची किंमत त्याच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडावयाची, हा प्रश्न उरतोच.

भाभांच्या टीकाकारांची बाजू दुबळी नव्हती. मेघनाद साहा यांनी अणुशक्तीच्या कार्यक्रमातील गोपनीयतेला आणि एकाच संस्थेच्या मक्तेदारीला लोकसभेत विरोध केला. विद्यापीठांना उपाशी ठेवून निवडक प्रयोगशाळा पोसल्या जात आहेत, हा आक्षेप त्या काळीही होता आणि तो आजही खोडून निघालेला नाही. मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत, घाटकोपरला काय नि बोरिवलीला काय, भौतिकीचा विद्यार्थी जी उपकरणे हाताळतो आणि ट्रॉम्बेच्या कुंपणाआड जी उपकरणे बनतात, त्यांत जे अंतर पडले त्याची जबाबदारी या रचनेवर येते. त्याहून कडवट टीका घरातूनच आली. गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनीच संस्थेत बोलावले होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करणाऱ्या या विलक्षण विद्वानाने भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुशक्तीऐवजी सूर्यशक्तीचा मार्ग धरावा, असे उघड प्रतिपादन केले. १९६२ साली कोसंबींचा संस्थेशी असलेला संबंध संपला. मतभेद सहन करण्याची भाभांची शक्ती त्यांच्या इतर गुणांच्या मानाने कमी पडली, असे म्हणणे भाग आहे. आणि ज्या सूर्यशक्तीची त्या वेळी थट्टा झाली, तिचे पत्रे आज अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांच्या गच्चीवर बसत आहेत.

तारापूरबाबतही हेच म्हणावे लागते. स्वावलंबनाचा इतका आग्रह धरणाऱ्या भाभांनी देशातील पहिली अणुवीज अमेरिकन कंपनीकडून संपूर्ण बांधून घेण्याचा निर्णय घेतला. १९६९ साली ते केंद्र वीज देऊ लागले. अणुवीज परवडते हे लवकर सिद्ध करून दाखवावयाचे होते, अशी त्यामागची भूमिका होती. पण १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर याच केंद्राच्या इंधनावरून देशाला किती वर्षे अमेरिकेची मनधरणी करावी लागली, हे सर्वश्रुत आहे. स्वतःच्याच सिद्धांताला घातलेली ही मुरड महाग पडली. अणुविजेबाबत त्यांनी बांधलेले अंदाजही कालौघात फार मागे पडले.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत मात्र ते अखेरपर्यंत डगमगले नाहीत. चीनशी झालेल्या युद्धानंतर, ऑगस्ट १९६३ मध्ये, देशातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा विचार करण्यासाठी सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे तिचे इतर सदस्य. रेडिओपासून संगणकापर्यंत सर्व इलेक्ट्रॉनिक उत्पादनाचा एकत्र विचार करून पुढील दहा वर्षांची आखणी या समितीने केली. तो अहवाल १९६६ साली बाहेर पडला तेव्हा भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले असता एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि त्यातील सर्व ११७ जण गेले, त्यांत भाभाही होते. त्यांचे वय अवघे छप्पन्न. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या आस्थापनेला त्यांचे नाव देण्यात आले आणि ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन सुरू झाली. प्रमुख अर्थातच राव. १९६९ साली ट्रॉम्बेच्या आराखड्यावर टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. त्याच्या नावातला पहिला शब्दच ट्रॉम्बे होता. मुंबईच्या उपनगरात वाढलेले हे बीज हैदराबादला का लावले गेले, याची चर्चा महाराष्ट्रात फारशी झाली नाही. मुंबईच्या वाट्याला आले ते वेगळेच. १९७३ साली अंधेरीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सीप्झ, उभे राहिले. तेथे बाहेरून सुटे भाग आणून जोडणी करावी आणि माल बाहेर पाठवावा, अशी कल्पना होती. त्याने हजारो हातांना काम दिले, त्यात उपनगरांतील मराठी मुलींची संख्या मोठी होती. कालांतराने तेथील इलेक्ट्रॉनिक उद्योग मागे पडला आणि हिरे व दागिने पुढे आले. पवईला मात्र वेगळे घडले. टाटा संस्थेतील सूक्ष्मतरंगांच्या गटातून निघालेली समीर ही संस्था १९८४ साली आयआयटीच्या आवारात स्थिरावली आणि कर्करोगावर किरणोपचार करणारी त्वरकयंत्रे बनवू लागली. एक अंधेरीचा नमुना, एक पवईचा. दोहोंमधले अंतर काही किलोमीटरांचेच आहे.

विश्वकिरणांच्या नळ्यांपासून सुरू झालेली मापनाची परंपरा आज फार सूक्ष्म झाली आहे. कुलाब्याच्या संस्थेत कथिलाच्या एका समस्थानिकाच्या अतिदुर्मीळ क्षयाचा शोध घेण्याचे काम हाती घेण्यात आले. तो समस्थानिक नैसर्गिक कथिलात शेकडा सहाहूनही थोडा कमी असतो. कथिलाचा तुकडा निरपेक्ष शून्याच्या वर एक-शतांश अंशाच्या आसपास थंड करावयाचा, अशी त्यामागची कल्पना. या तापमानाला कथिल अतिसंवाहक झालेले असते आणि त्याची उष्णताधारकता जवळजवळ नाहीशी होते. म्हणून एका अणूच्या क्षयातून निघालेली ऊर्जासुद्धा त्याचे तापमान मोजता येईल इतके वाढवते. ही वाढ ज्या जर्मेनियमच्या कणाने टिपावयाची त्याचा रोध बदलतो, त्या बदलाचा क्षीण स्पंद तारांवाटे बाहेर आणावयाचा आणि खोलीतल्या विजेच्या गोंगाटातून तो वेगळा ओळखावयाचा. मंडल रचणाऱ्या अभियंत्याचे काम भाभांच्या बंगलोरच्या काळात होते तेच आहे. स्पंद तेवढा कल्पनेपलीकडे लहान झाला आहे.

त्या जर्मेनियमच्या चकत्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करण्यात आला तो ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत. थंड करणारे यंत्र मात्र हॉलंडच्या कंपनीने बांधून दिले.